इंढोणीबेन

कंपनीच्या बसमध्ये चढल्या की काकू आधी पिशवीत हात घालायच्या. जुन्या सुती साडीची घट्ट वळलेली चुंबळ काढायची, सीटवर ठेवायची, दोन थापा मारायच्या आणि मग तिच्यावर ऐटीत बसायचं. बायका डोक्यावर हंड्याखाली घेतात तीच ही चुंबळ. गुजरातीत तिला इंढोणी म्हणतात, म्हणून बडोद्यात मकरपुऱ्याच्या आमच्या कंपनीत त्या झाल्या इंढोणीबेन. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "मूळव्याध आहे मला, चोरी नाही केलेली," असं भर बसमध्ये सांगायच्या. ड्रायव्हरभाई बिचारा आरशात बघायचंच टाळायचा.

विजेचे स्विच जोडायच्या लाइनवर आम्ही बायका आठ-आठ तास स्टुलावर बसायचो. काकू लांबून माणूस ओळखायच्या. जी सारखी चुळबुळते, जी आपणहून पॅकिंगला उभी राहायला जाते, जी सेवउसळीवरची तरी नको म्हणते, ती "आपल्या मंडळातली". मग तिला बाजूला घेऊन तोफखाना सुरू. रक्त ताजं लाल की काळपट? वेगळं पडतं की मिसळलेलं? आग होते, खाज येते, हाताला कोंब लागतो? शेवटी एकच ताकीद: "काळपट असेल, पोटाचं तंत्र बिघडलं असेल, वजन उतरत असेल, तर माझ्याशी गप्पा मारत बसू नकोस. आणि साधं वाटलं तरी एकदा डॉक्टरला दाखव, समजलं ने?"

मी दोन महिने लपवलं होतं. घरी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते. काकूंच्या शेजारच्या स्टुलावर बसायला लागले आणि त्यांनी मला तिसऱ्या दिवशीच पकडलं. "अगं, लाजतेस कशाला? नाकातून रक्त आलं असतं तर गावभर सांगत सुटली असतीस!" मला हसू फुटलं आणि मी सांगून टाकलं. पण अर्धंच. लाल असतं, एवढंच म्हटलं. काकूंनी मंडळात घेतलं, इसबगोल सांगितलं, पाण्याची बाटली हातात कोंबली. डॉक्टरकडे जाऊन ये म्हणाल्या, तिकडे मी काणाडोळा केला. मूळव्याधच आहे म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं होतं!

पंधरा दिवसांनी बसमध्ये दांडी धरायला हात वर केला आणि माझी बांगडी सरळ कोपरापर्यंत घसरली. काकू बोलता बोलता थांबल्या. "ही कधीपासून सैल झाली?"

"असेल दोन-तीन महिने. काम किती असतं, काकू."

"आणि रंग? खरं सांग."

मी खरं सांगितलं. कधी कधी काळपट असतं, म्हटलं. त्यांनी अशी काही शिवी हासडली की पुढच्या दोन बायका मागे वळल्या. गेटवर उतरल्यावर मला आत जाऊच दिलं नाही, तिथूनच रिक्षा केली. सुपरवायझरला फोनवर म्हणाल्या, "आमची दोघींची रजा लिही, कारण उद्या सांगते."

तपासणी झाली. रिपोर्ट यायला आठ दिवस. देवा, काय ते आठ दिवस! मी पोळी करपवायची, उगाच कपाट आवरायची, पोरांवर खेकसायची. बसमध्ये काकूंनाही चैन नसायचं, दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "फोन आला?" शेवटी आला. आतड्यात गाठ होती, वाईट जातीची, पण लहान. वेळेवर सापडली म्हणून ऑपरेशनवर निभावलं. आज मी हे लिहितेय ते त्या बाईमुळे.

मी घरी असताना काकू वाडी भागातल्या त्यांच्या घरून चालत भेटायला आल्या. मी विचारलं, "तुमची कधी आतून तपासणी केलीत का हो?"

"माझी? बारा वर्षांची ओळख आहे माझी नि मूळव्याधीची. ती मला काय फसवणार?" त्या हसल्या, मीही हसले आणि चहा टाकायला उठले. विषय तिथेच संपला.

मी परत कामावर गेले तेव्हा काकू उतरल्यासारख्या दिसायच्या. ऊन फार आहे म्हणायच्या. मी म्हणायचे, हो ना, बडोद्याचा उन्हाळा! वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. गाठ तीच, फक्त माझ्यासारखी लहान नव्हती.

शेवटच्या भेटीत मला राहवलं नाही. चिडूनच बोलले, "अख्ख्या कंपनीचं ओळखलंत, काकू. स्वतःचं कसं नाही कळलं?"

"कळलं होतं गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "रंग बदलला त्याच दिवशी कळलं. भीती वाटली."

त्या गेल्या. माझा राग मात्र जात नाही, आणि तो त्यांच्यावर नाहीच. काकूंना लाज नव्हती, म्हणून भीतीही नसेल असं मी धरून चालले. रोज मांडीला मांडी लावून बसत होते मी. एकदा फक्त म्हणायचं होतं, चला काकू, मी येते बरोबर.