होज जरा थकलेला वाटतोय

ती आमच्या हॅनोव्हरच्या ऑफिसात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या 'सॉरी'वरून सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. दारात दोघी एकदम आलो तर सॉरी. माझा पाय तिच्या पायावर पडला तरी सॉरी तिचंच. एकदा कॉफीच्या मशीनला तिचा कोपर लागला, तेव्हा ती मशीनला सॉरी म्हणाली. हे मी स्वतः ऐकलं आहे. ती कॅनडाची. वय पन्नाशीच्या आसपास, तिकडच्या कुठल्याशा सपाट, थंड मुलुखातल्या लहान गावात वाढलेली. आमच्या कंपनीत दोन वर्षांसाठी आली होती. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ऐकू जाईल असं थँक्यू म्हणायची, आणि इथले ड्रायव्हर दचकून आरशात बघायचे.

कॅनडातले सगळेच असे असतात असं मी म्हणणार नाही, मी त्या देशातल्या एकाच बाईला नीट ओळखते. पण ती स्वतः म्हणायची, "आमच्याकडे वादळ आलं तरी लोक म्हणतात, आज जरा वारा आहे."

मी पुण्याची. मेकॅनिकल इंजिनियर, जर्मनीत येऊन अकरा वर्षं झालेली. पहिल्या वर्षी साहेब माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवून सगळ्यांसमोर "हे चूक आहे" म्हणाले, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नंतर सवय झाली. नंतर तेच आवडायला लागलं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसायचं नाही. हळूहळू मीही तशीच बोलायला लागले. दरवर्षी पुण्याला गेले की बहीण म्हणायची, "किती फाडकन बोलतेस गं हल्ली."

आमच्या विभागात पंपांची चाचणी होते. एका मोठ्या टेस्ट बेंचवर पंप बसवायचा आणि त्यातून जाड रबरी होजने, म्हणजे नळीने, गरम तेल दाबाने फिरवत ठेवायचं. ती चाचणी तेव्हा माझ्याकडे होती. काचेच्या भिंतीआड आत बेंच चालवायचे आमचे माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचे मुख्य तंत्रज्ञ; मी बाहेर स्क्रीनवर आकडे बघायचे. साठी ओलांडलेले, मोजकं बोलणारे, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला.

त्या मंगळवारी दुपारी मी घाईत होते. गिऱ्हाईक गुरुवारी बघायला येणार होतं आणि आकडे अजून हवे तसे येत नव्हते. माइस्टर आत बेंचपाशीच होते. ती कॉरिडॉरमधून चालली होती, बेंचकडे बघून माझ्यापाशी थांबली.

"सॉरी," ती म्हणाली, "माझं चुकतही असेल. पण तो होज जरा थकलेला वाटतोय का? घाई काही नाही. वेळ मिळाला की कधीतरी बघायला हरकत नाही."

"या, गेनाऊ," हो, बरोबर, असं मी स्क्रीनवरून नजर न हलवता जर्मनमध्ये म्हटलं. "पुढच्या आठवड्यात बघू."

"हो हो, नक्कीच. नो वरीज."

ती लगेच गेली नाही. माझ्या खुर्चीमागे क्षणभर उभी राहिली. मग तिच्या बुटांचा आवाज लांब गेला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तोच होज कपलिंगपासून निसटला. मी काचेच्या पलीकडे होते. आधी फटका बसल्यासारखा आवाज आला, मग माइस्टरांचा. चष्मा होता म्हणून त्यांचे डोळे वाचले. गरम तेल डाव्या हातावर आणि मानेवर उडालं होतं. कुणीतरी बेंच बंद करायचं लाल बटण दाबलं. कुणीतरी त्यांना शॉवरखाली नेलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते एकच वाक्य म्हणत होते, "माझ्या बायकोला मी स्वतः फोन करणार." फोन हातात धरता येत नव्हता. शेवटी कॅनडावालीने त्यांच्या कानाशी तो धरला.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना काय पाहिलं, काय ऐकलं ते लिहून द्यायला सांगितलं. अपघाताचा अहवाल करायचा होता. मी माझ्या कागदावर लिहिलं: 'बिघाडाची कोणतीही सूचना माझ्याकडे आली नव्हती.' लिहिताना हात थांबला नाही, हे मला आजही आठवतं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तिचा कागद वाचून दाखवला. 'होजची झीज मला आदल्या दिवशी दिसली होती. मी ती स्पष्ट शब्दांत सांगू शकले नाही. चूक माझी आहे. मला फार वाईट वाटतं.'

"गुट, ठीक," साहेब म्हणाले. "म्हणजे कारण कळलं."

साहेबांनी तिचे शब्द जसेच्या तसे घेतले. खोलीतल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. बोलायला अर्धा मिनिट तरी वेळ होता. मी बोलले नाही.

घरी सासूबाई आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. नवरा लुडविग्सहाफेनला नोकरीला, शनिवार-रविवारचाच घरी. त्या आठवड्यात त्याला तेही जमलं नव्हतं. शनिवारी सकाळी त्या मेथी निवडत होत्या. माझं लक्ष कशातच नव्हतं. दोनदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"ती नेमकं काय म्हणाली, तसंच्या तसं सांग."

मी सांगितलं.

"अगं, मग सांगितलं की तिने. आणखी कसं सांगायचं असतं?"

"अहो आई, पण ती घाई नाही म्हणाली."

"ते म्हणावंच लागतं. मी शेजारच्या वहिनींना 'वेळ झाला तर बघा हं' म्हणते, तेव्हा त्यांनी काय दिवाळीनंतर बघायचं?"

टेबलाशी चित्र काढत बसलेल्या माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मान वर न करता जर्मनमध्ये विचारलं, "मग ती सरळ 'थांब' का नाही म्हणाली?"

सासूबाईंना ते भाषांतर करून सांगितलं. त्या मेथीच्या काड्या गोळा करत राहिल्या.

ते दोन दिवस मला नोकरी जाईल अशी भीती नव्हती. माइस्टरांची बोटं हलतील की नाही याची होती. त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. ती खुर्चीमागे उभी राहिली होती, तेव्हा मला कळलं होतं. शब्द मऊ होते, पण ते थांबणं मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या घरात अर्ध्या गोष्टी अशाच थांबून सांगितल्या जायच्या. मला ते ऐकू आलं होतं, आणि जर्मन झाल्याचा बहाणा करून मी ते ऐकलं नाही असं ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या दारावर टकटक केली. "माझा कागद बदलायचा आहे. तिने मला सांगितलं होतं. मला समजलंही होतं."

त्यांनी चष्मा काढला. "ती 'बेंच थांबवा' म्हणाली?"

"नाही."

"धोका आहे असं म्हणाली?"

"नाही."

"मग तुम्हाला कशावरून समजलं?"

"बोलून झाल्यावर ती गेली नाही. त्यावरून."

त्यांनी चष्मा परत लावला, पेन उचललं. मग म्हणाले, "हे अहवालात कसं लिहायचं मला कळत नाही." आणि तरीही लिहायला लागले. पुढचे काही महिने चाचणी माझ्याकडून काढून घेतली. ते बरोबरच होतं.

दुपारी, साहेबांकडून कळल्यावर, ती मला ऑफिसच्या किचनमध्ये गाठायला आली. मला वाटलं, आभार मानेल. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू मला आधी विचारायला हवं होतंस."

"पण तू लिहिलं होतंस ते खरं नव्हतं."

"खरंच होतं! मला होज दिसला होता. तू कामात आहेस, तुला राग येईल, म्हणून मी हळू बोलले. सगळे म्हणतात, कॅनडाची माणसं किती चांगली. एका माणसाचा हात भाजणार होता आणि मी तुझा मूड सांभाळत होते. त्याला चांगलं म्हणतात? घाबरट म्हणतात." ती थांबली. "सॉरी," तिच्या तोंडून आपोआप निघालं. मग तिने मान हलवली. "नाही. सॉरी नाही. मला तुझा राग आलाय. मी कागद लिहून ते मिटवत होते, आणि तू परत उघडलंस."

मी म्हटलं, "येऊ दे राग. मलाही माझा आलाय."

मग तिने विचारलं, माइस्टरांना भेटायला बरोबर येतेस का.

त्या आठवड्यात आम्ही दोघी माइस्टरांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. खिडकीशी बसले होते, हात कोपरापर्यंत बांधलेला. आम्ही सगळं सांगितलं, आधी तिने, मग मी. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"आल्झो," तर मग, असं ते शेवटी म्हणाले. "म्हणजे दोघींनाही माहीत होतं."

"हो."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही. मी तर तिथेच उभा होतो."

खरं तर हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती मला सांगत होती, मी तिला टाळत होते, साहेब दोघींचे शब्द तपासत होते. बेंचपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे वळून कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून मागितलं, पाणी प्यायले आणि बेंचवर नवा होज कुठल्या कंपनीचा बसवला ते विचारलं.

सात आठवड्यांनी ते कामावर परतले. डाव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. ते डावखुरे, पण पाना आता उजव्या हातात धरतात. ती कॅनडाला परत गेली. अधूनमधून लिहिते, हवापाण्याचं, अंगणातल्या बर्फाचं. रागाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही, आणि तो गेला की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बेंच सुरू होताना मी आता काचेच्या पलीकडे बसत नाही. आत जाऊन माइस्टरांच्या शेजारी उभी राहते. ते म्हणतात, इथे तुमचं काही काम नाही. मी म्हणते, माहीत आहे. आणि तेल गरम होईपर्यंत तिथेच थांबते.