गुलाबची शाई आणि दत्तू मास्तरांचं अक्षर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत रिकामे डबे साचत जातात ना, तसे ते साचतात. टाकून द्यावेत म्हटलं तर कधीतरी लागतील असं वाटतं, आणि ठेवले तर पाय टाकायला जागा उरत नाही. हल्ली टोपण लावलेला मार्कर पाकिटात मिळतो. त्याने कुठे कोणी भिंत रंगवली की पांढुर्ण्यातली मंडळी माझ्या दुकानात येऊन बसतात आणि म्हणतात, "रामभाऊ, तुमच्या टाइमचं सांगा ना जी!" सांगून सांगून मी कंटाळलोय. पण चहा समोर आला की नाही म्हणवत नाही, हा माझा जुना रोग.

तर आमची टीम तिघांची. मी किराणा दुकानदार. काजळी, डिंक, रॉकेल, चुना, सगळं माझ्याकडे. दुसरा गुलाब, जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर शाईने मार्का टाकायचा. तिसरे दत्तू मास्तर, सरकारी मराठी शाळेतले. त्यांचं अक्षर असं की पोरं फळा पुसायला तयार होत नसत.

तेव्हा, म्हणजे छप्पन साली, राज्यांची फेरमांडणी चालली होती. नागपूर मराठी मुलखात जाणार हे कानावर होतं. सौंसर आणि पांढुर्णा कुठे जाणार, ते मात्र कोणी सांगेना. आमची संत्री नागपूरला, पोरीबाळी नागपूरकडे दिलेल्या, दुखलंखुपलं तर नागपूर. म्हणून आम्ही गावभर भिंतींवर लिहीत सुटलो, 'आम्ही नागपूरचे!' यात गुलाबचं किंवा माझं फार काही जाणार नव्हतं. मास्तर सरकारी नोकर. सापडले असते तर नोकरी गेली असती, आणि त्या एका पगारावर घरात म्हातारी आई, बायको आणि तीन पोरी होत्या. तरी लिहायचे तेच, कारण आमचं दोघांचं अक्षर लोकांना वाचता येत नसे.

* * *

पहिली शाई माझी. कंदिलाची काजळी, डिंक, पाणी. दिसायला झकास! पण पहिल्याच सरीत सगळा नारा ओघळून नालीत गेला आणि भिंतीवर उरले नुसते काळे ओघळ.

मला वाटलं, चिकटपणा कमी पडला. दुसऱ्या खेपेला मी त्यात गूळ घातला. अक्षरं अशी चकाकली की आम्ही तिघं रस्त्यापलीकडे उभे राहून बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी. जवळ जाऊन बघतो तर अक्षरांवर मुंग्या! एकेक अक्षर वळवळतंय. सावरगावहून बाजाराला आलेल्या एका म्हातारीने तर भिंतीला हात जोडले.

गुलाब म्हणाला, "रामभाऊ, नारा लिहून राहिलो आपण, का पंगत वाढून राहिलो?"

त्या दिवसापासून शाईचं खातं त्याच्याकडे गेलं. मीही भांडलो नाही.

* * *

गुलाबने प्रेसमधल्या गाठींच्या शाईचा नमुना धरला. जवसाचं तेल, काजळी, आणि वर त्याच्या मनाने थोडं डांबर. परसात चूल मांडून ते उकळायचा. वास असा की शेजारचे लोक जेवणाची वेळ बदलायचे. पण ती शाई बसली की बसली. घासा, खरडा, धुवा, काही होत नसे.

लिहायचं साधनही त्याचंच. आधी आम्ही शिंदीच्या झावळीचा देठ ठेचून कुंचला करायचो आणि बादली घेऊन फिरायचो. बादली घेऊन पळता येत नाही, हे आम्हाला पळावं लागलं तेव्हा कळलं. मग गुलाबने हातभर पोकळ बांबू आणला. खालच्या तोंडात घोंगडीच्या तुकड्याचा घट्ट बोळा, वरच्या पेराला बारीक भोक. भोकावरचा अंगठा काढला की शाई बोळ्यात उतरायची, अंगठा ठेवला की थांबायची. संपली की बोळा काढून पुन्हा भरायची. आज ज्याला तुम्ही मार्कर म्हणता ना, तो आम्ही तेव्हाच केला होता, फक्त गळका!

मास्तर तो बांबू छत्रीत लपवून न्यायचे. एकदा भर रस्त्यात मुख्याध्यापक भेटले आणि नेमका तेव्हाच भुरभुर पाऊस आला. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, छत्री उघडा ना, दोघंही जाऊ." मास्तर म्हणाले, "नको जी, मले भिजणं आवडते." दोघेही शाळेपर्यंत भिजत गेले. मास्तरांना त्यानंतर चांगला ताप भरला.

यमुनावहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, मला दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, याइचं धोतर धुवून धुवून माह्ये हात काळे झाले. लोकाइचे नवरे पगार आणतेत, माहा नवरा डांबर आणते!" हसत म्हणाल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्यांनी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून ठेवला होता. गाव कोणत्याही राज्यात जावो, नोकरी राहू दे, एवढाच.

* * *

तुम्हाला वाटत असेल, आम्ही हे रात्री करत असू. उन्हाळ्यात रात्री अर्धं गाव गल्लीत खाटा टाकून झोपायचं. भिंतीपर्यंत जायला चार खाटा ओलांडाव्या लागायच्या आणि एकतरी म्हातारा जागाच असायचा. म्हणून आम्ही भर दुपारी लिहायचो. मे महिन्यात जेवण झालं की पांढुर्ण्यात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. फक्त भिंत इतकी तापलेली की मास्तर डाव्या हाताखाली ओलं फडकं धरून लिहायचे. डोक्यावर ऊन, पायाखाली फुफाटा. देशासाठी लोकांनी काय काय सोसलं ते सगळे सांगतात, आमच्या घामोळ्यांची कुठे नोंद नाही!

अशाच एका दुपारी चौकातल्या निंबाखाली दुबे हवालदार भिंतीशी खाट लावून झोपले होते. त्यांच्यावर बंदोबस्ताची ड्यूटी होती. नारे कोण लिहितं ते पकडायची. भिंत मोठी आणि सावलीतली. मास्तरांना मोह आवरेना. त्यांनी हवालदारांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, हलक्या हाताने नारा काढला आणि आम्ही सटकलो.

हवालदार जागे झाले, उठून बसले आणि आळस देत पाठ भिंतीला टेकवली. तसेच ठाण्यात गेले. साहेबांसमोर सलाम ठोकला, वळले, आणि पाठीवर आमचा नारा, उलटा! साहेब म्हणे दाढीचा आरसा काढून वाचत बसले.

संध्याकाळी हवालदार माझ्या दुकानात. "शेठ, ये काहे से निकलेगा?"

मी म्हटलं, "साबणाने बघा, साहेब."

साबणाने निघालं नाही. पुढे कितीतरी दिवस ते नागपूरचे म्हणून गावात फिरले.

* * *

आणखी एक त्रास कोणाच्या लक्षात येत नाही. भिंतीवाल्यांचे रुसवे! शेंगदाण्याचे एक व्यापारी माझ्याकडे तणतणत आले. मला वाटलं, भिंत घाण केली म्हणून भांडायला आले. मी आधीच हात जोडले.

ते म्हणाले, "शेजारच्याच्या भितीवर दोनदा लिवलं. माह्या घरावर एकबी नाही! आमी काय भोपाळचे आहो का?"

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी भिंत सारवून ठेवलेली, सावलीला चादर बांधलेली आणि ताक तयार! मास्तर वैतागून म्हणाले, "अरे, हे काय लग्नाचं काम होय का?" तरी लिहिलं. ताकही प्याले.

* * *

मग वरून ऑर्डर आली, सगळ्या भिंती चुन्याने पोता. चुना माझ्याच दुकानातून गेला. मजूर पोतून गेले, भिंती पांढऱ्याशुभ्र. चार दिवसांत चुन्यातून पिवळट तपकिरी अक्षरं वर आली. डांबर होतं ना आत! पुन्हा पोतलं, पुन्हा वर आली. तिसऱ्या वेळी मजूर मलाच म्हणाला, "भाऊ, आता मी थकलो. तेवढं थांबवा."

आम्हीही थकलो होतो. पण थांबवायचं कसं, ते गुलाबलाही माहीत नव्हतं.

* * *

याच सुमारास कोणीतरी मास्तरांचं नाव कळवलं. सौंसरला तहसीलदारांपुढे इन्क्वायरी लागली. तहसीलदार वरच्या हिंदी मुलखातले, शांत माणूस, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. ते मास्तरांना लिहून दाखवायला लावणार आणि भिंतीवरच्या अक्षराशी ताडून बघणार, अशी बातमी आली.

वहिनींनी मास्तरांना पाटी देऊन लिहायला बसवलं. "अवो, बिघडवा अक्षर! आणखी बिघडवा!" मास्तर काढायचे ते अक्षर पुन्हा सुंदरच. शेवटी धाकट्या पोरीचं अक्षर समोर ठेवून त्यांनी गिरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना गिरवायला लावलेला माणूस! मला ते बघवेना, मी उठून बाहेर आलो.

सौंसरला मी सोबत गेलो. तहसीलदारांनी कागद पुढे केला. मास्तरांनी जीभ दातात धरून अशी काही वेडीवाकडी ओळ काढली की मीच खिडकीबाहेर बघू लागलो.

तहसीलदारांनी कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. म्हणाले, "इतने साल से मास्टर हैं, और ये लिखावट? आपको तो इसी बात पर निकाल देना चाहिए!"

आणि फाइल बंद केली.

नोकरी वाचली. वहिनींनी जामसांवलीला जाऊन नारळ फोडला. मास्तर मात्र परतीच्या मोटारीत तोंड खिडकीकडे करून बसले. मोहगावच्या फाट्याशी मी विचारलं, "आता काय झालं जी?" तर म्हणाले, "रामभाऊ, मले आजवर कोणी असं बोललं नव्हतं."

* * *

निकाल रेडिओवर ऐकला. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. राज्याचं नावही तेच, मध्यप्रदेश. फक्त राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला ठेवली. मला वाईट वाटलं. रडू आलं नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. मास्तरांकडे शाळेत शिकवायला हिंदी पुस्तकांचा गठ्ठा आला आणि ते रात्री पोरींच्या आधी स्वतः धडे वाचू लागले.

तिघं मागच्या खोलीत बसलो होतो. समोरच्या पोतलेल्या भिंतीवर 'आम्ही नागपूरचे' नव्याने वर येत होतं.

गुलाब म्हणाला, "भितीले अजून कोणी सांगतलं नाही वाटते."

 मी चहा सांगितला, तो तसाच निवला.

* * *

आणि आता शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

नवं राज्य सुरू व्हायला थोडे दिवस उरले असताना सौंसरहून चपराशी आला. तहसीलदारांनी दत्तू मास्तरांना बोलावलंय. वहिनींच्या हातातलं ताट खाली पडलं. फाइल पुन्हा उघडली, दुसरं काय असणार! वहिनी मास्तरांच्या मागे दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "काही विचारलं तं नाही म्हणा. पोरीची शपथ आहे तुमाले." मी पुन्हा सोबत गेलो. मोटारीत मास्तर सारखे तळहात धोतराला पुसत होते.

कचेरीत गेलो तर तहसीलदारांच्या टेबलावर सागवानी फळी आडवी ठेवलेली, पांढरा रंग दिलेला, कोरी.

तहसीलदार म्हणाले, "मास्टरजी, कचहरी के लिए नये राज की तख्ती है। आप लिखेंगे।"

मास्तर म्हणाले, "साहेब, मेरा अक्षर तो आपने देखा है।"

"देखा है," तहसीलदार म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "पूरे पांढुर्णा में देखा है।"

 मी मास्तरांचा सदरा मागून धरला. मला त्यांना तसंच ओढत बाहेर न्यायचं होतं.

तहसीलदार कागद चाळत, मान वर न करता म्हणाले, "और स्याही वही लाइएगा, जो चूने के नीचे से निकल आती है।"

  मास्तरांनी सदऱ्यावरचा माझा हात सोडवला, टेबलापाशी गेले, फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि मराठीतच म्हणाले,

"हा रंग खरवडून घ्या, साहेब. ते शाई कोऱ्या लाकडावर चांगली बसते. अन् लिवल्याबरोबर टांगू नका, वाळाले लय वेळ घेते."