पडलेला चिकू पेटीत जात नाही

२०१४ साली टीव्हीवर फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. एका सामन्यात एका खेळाडूच्या डोक्याला जोरात मार बसला. तो निपचित पडला, मग उठला, झोकांड्या खात चालला आणि बाहेर चला म्हणणाऱ्या डॉक्टरशी हातवारे करून भांडला. शेवटी परत खेळायला गेलासुद्धा. त्या मूर्खाला मी घरी बसून इतकं झापलं की समालोचन ऐकू यावं म्हणून बायकोला आवाज वाढवावा लागला. स्वतःच्या डोक्यापेक्षा सामना मोठा समजणाऱ्या माणसाला अक्कल म्हणून नसते, असं माझं ठाम मत होतं. ते पुढे तीन वर्षं तसंच ठाम राहिलं.

घोलवडला आमची चिकूची वाडी आहे आणि वाडीला लागून माल निवडायची, भरायची शेड. आमची फुटबॉलची टीम म्हणजे या शेडमधलीच माणसं. गोलकीपर चिकू काढणारा, त्याच्या हातून सहसा काही सुटायचं नाही. दोघं-तिघं ट्रक भरणारे, बाकीचे आसपासच्या वाड्यांमधले. मी मालक, म्हणून कप्तानही मीच. खेळाचं म्हणाल तर मागे उभं राहून पुढच्यांवर ओरडणं तेवढं मला उत्तम जमायचं.

टीव्हीवरचं ते बघितल्यावर मी मोबाइलवर वाचायला लागलो की मोठे क्लब अशा वेळी काय करतात. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शेडमध्ये बसवून भाषण ठोकलं. डोक्याला मार बसला की रेफरी खेळ थांबवतो. डॉक्टर खेळाडूला साधे प्रश्न विचारतो: आपण कुठल्या मैदानावर आहोत, पहिला हाफ आहे की दुसरा, शेवटचा गोल कोणी केला. जरा शंका आली तरी तो बाहेर. पुढेही एकदम खेळायला मिळत नाही. आधी आराम, मग चालणं, मग पळणं, अशी एकेक पायरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निर्णय डॉक्टरचा. कोच, कप्तान, मालक, कोणाचंच त्यात चालत नाही.

पोरांनी हे सगळं फार मनावर घेतलं. पुढच्या सामन्याआधी त्यांनी प्रश्नांची उत्तरं पाठ करून टाकली. बोर्डीच्या मैदानावर एकाला नुसता धक्का लागला, तर मी काही विचारायच्या आतच तो मैदान, हाफ आणि स्कोअर एका दमात बोलून मोकळा झाला. स्कोअर मात्र आदल्या रविवारचा होता.

राहता राहिला डॉक्टर. खरा डॉक्टर रविवारी आमच्यासाठी कशाला येतोय? तेव्हा गोलकीपरनेच मावशींचं नाव काढलं. मावशी कैनाडहून आमच्याकडे यायच्या आणि वीसेक वर्षं निवडीच्या टेबलावर बसायच्या. पहिला नंबर, दुसरा नंबर त्या हातात धरताक्षणी ठरवत. झाडावरून सुटून खाली पडलेला चिकू तर त्या बघतसुद्धा नसत, सरळ बाजूच्या टाकाऊ मालाच्या लाल प्लास्टिक कॅरेटमध्ये टाकत. पडलेल्या चिकूला वरून काही होत नाही, साल कशी अगदी स्वच्छ असते. पण आत मार बसलेला असतो. तो दोन दिवसांनी कळतो, आणि तोवर माल दिल्लीच्या वाटेवर असतो. पडलेला पेटीत जाता कामा नये, हा शेडचा नियम माझ्या वडिलांपासूनचा. तो मीही दिवसातून चार वेळा ओरडून सांगायचो. मावशींनी लाल कॅरेटमध्ये टाकलेला चिकू मालकानेही परत उचलायचा नाही, इतका तो कडक होता.

मावशींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या तयार झाल्या. दर रविवारी टेम्पोत पुढे बसून यायच्या आणि मैदानाच्या कडेला स्टूल टाकून बसायच्या. पोरं त्यांना डॉक्टरीण म्हणायला लागली.

२०१७ साली आम्ही तलासरीच्या स्पर्धेत फायनलला पोचलो. त्याआधी कधी उपांत्य फेरीही बघितली नव्हती. चषक माझ्या छातीइतका उंच होता, आणि तो शेडमध्ये कुठे ठेवायचा ती जागा मी आदल्या दिवशीच झाडून घेतली होती. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एक-शून्यने पुढे होतो. तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. समोरून एक उंच चेंडू आला, त्यांचा एक धिप्पाड गडी आणि मी एकदमच उडी मारली.

इथून पुढचं मला आठवत नाही. आजही नाही. सांगतोय ते ऐकीव आहे.

आमची डोकी एकमेकांवर आपटली. मी पडलो, पण लगेच उठलो आणि कपडे झटकले. प्रश्नांची उत्तरं तर मी खणखणीत दिली, कारण प्रश्न माझेच होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर गेलो तर आम्ही दहाच जण उरणार होतो, त्यामुळे मला बाहेर काढावं असं कोणाच्याच मनात नव्हतं. मावशी तेवढ्या स्टुलावरून उठल्या, मैदानात आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"शेठ, तुमी पडलात. पडलेला पेटीत जात नाय."

मग म्हणे त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं, खाली बसवलं, माझे बूट काढले आणि ते स्टुलावर ठेवून त्यावर स्वतः बसल्या. पाच मिनिटांत मी स्कोअर चारदा विचारला. संध्याकाळच्या आत त्यांनी मला डहाणूला खऱ्या डॉक्टरकडे पोचवलं. आत काही वाईट निघालं नाही, पण डॉक्टरांनी सक्त आराम सांगितला. आम्ही दोन-एकने हरलो. दोन्ही गोल मी ज्या बाजूला उभा राहायचो त्याच बाजूने झाले. माझी किंमत कळायला तेवढं निमित्त झालं, असं मी पुष्कळ दिवस सांगत फिरलो.

माझे बूट शेडमध्ये लाल कॅरेटमध्ये पडून होते. मावशींनी ते तिथे ठेवले आणि कोणाची उचलायची छाती झाली नाही. ट्रक भरायला येणारा नवा माणूससुद्धा विचारायचा, हे कोणाचे? मग सगळी शेड हसायची. मीही हसायचो. मावशी रोज सकाळी माझ्याकडे निरखून बघायच्या, डोकं दुखतं का विचारायच्या आणि कामाला लागायच्या.

तीन आठवड्यांनी मी गोलकीपरला तो प्रसंग परत सांगायला लावला. हरलो असलो तरी ऐकायला मजा येई. या खेपेस तो अडखळला. फार खोदून विचारल्यावर खाली बघत त्याने सांगितलं की त्या दिवशी मी काही मुकाट्याने बाहेर आलो नव्हतो. दोन टीमच्या आणि अख्ख्या गावाच्या देखत मी मावशींवर धावून गेलो होतो. एकेरीवर आलो होतो.

"तुम्ही म्हणालात, चिकू निवडणारी बाई तू, तू मला शिकवणार?"

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. टीव्हीवरचा तो माणूस डॉक्टरशी भांडला, पण निदान त्याची लायकी तरी काढली नव्हती. आणि या बाईने ते ऐकून घेतलं, तरी माझ्या पायांतले बूट काढले, आणि वर तीन आठवडे रोज माझी चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टेबलावर असताना, जिथे उभा राहून मी एरवी ओरडतो तिथेच उभा राहिलो आणि सर्वांसमोर मावशींची माफी मागितली. मला त्यातलं काहीच आठवत नाही, हेही सांगितलं. मावशींच्या हातात चिकू होता, तो त्यांनी आधी जागेवर ठेवला.

"बोलला तुमी नाय शेठ, तो मार बोलला. पण ऐकलं तर मीच."

मी मान खाली घालून उभा राहिलो. मावशी उठल्या, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ आल्या. हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही डोळ्यांत नीट बघितलं, मला शेडच्या टोकापर्यंत चालत जाऊन यायला लावलं. मग लाल कॅरेटमधून बूट काढले. ते कोणीतरी धुऊन ठेवले होते. कोणी, हे मला विचारावं लागलं नाही.

बूट घेऊन त्या निवडीच्या टेबलाशी क्षणभर थांबल्या. पहिल्या नंबरची पेटी त्यांच्या उजव्या हाताशीच होती. त्यांनी बूट दुसऱ्या नंबरच्या पेटीत ठेवले, आणि सगळी शेड खो खो हसली.

दुसऱ्या नंबरचा माल आम्ही लांबच्या प्रवासाला पाठवत नाही, जवळच्या बाजारातच विकतो. त्या मोसमात मी प्रत्येक सामन्यात अर्धा वेळच खेळलो.