नारळाची शेंडी आणि निळी गाडी

आमच्याकडे गाडी आली ती माझ्या हौसेमुळे, असं हे अजूनही चारचौघांत सांगतात. खरं कारण त्यांचे गुडघे. हिंगोलीतल्या आमच्या देवळाची रोजची पूजा यांच्याकडे, शिवाय सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं. आज डोंगरकड्याला, तर उद्या कनेरगाव नाक्याच्या पलीकडे. मोटरसायकलवरून घरी आले की अर्धा तास उंबऱ्यावर बसून गुडघे चोळायचे. शेवटी लेकीनं हट्ट धरला आणि एक जुनी, गडद निळी चारचाकी दारात येऊन उभी राहिली.

हे गाडी शिकायला गेले आणि लगेच शिकणं सोडून परतही आले. क्लच दाबला की म्हणे गुडघा कळवळतो. मग मी शिकले. पन्नाशी ओलांडलेली बाई स्टिअरिंगवर आणि शेजारी महाराज पूजेची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेले, हे बघायला सुरुवातीला गल्लीतली माणसं अंगणात येऊन उभी राहायची.

"तू चालव, मी धुतो," असं यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. मला बरंच वाटलं. स्वच्छतेत यांचा हात धरणारं कोणी नाही. देवाची समई, ताम्हन, घंटा हे अशी घासतात की त्यात तोंड दिसावं. घासायला चिंच आणि नारळाची शेंडी. देवळात शेंड्यांना काय तोटा!

तर त्या सकाळी मी आत भाजी चिरत होते. बाहेरून समोरच्या सिस्टरांचा आवाज आला, "काका, थांबा! अहो थांबा, काय करून राहिले तुमी?"

सिस्टर म्हणजे समोरच्या घरातल्या नर्सबाई. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांची ड्युटी साखऱ्याकडच्या दवाखान्यात. रोज स्वतःची काळी गाडी चालवत जातात. संध्याकाळी ती गाडी मातीच्या रंगाची होऊन येते, आणि रविवारी बघावी तर पुन्हा काळीभोर, चकचकीत.

मी ओल्या हातानं बाहेर धावले. हे गाडीच्या दाराजवळ उकिडवे बसलेले, हातात शेंडी. दाराच्या खालच्या भागावर वाळलेला चिखल होता, तो यांनी समईच्या बुडासारखा गोल गोल घासून काढला होता. चिखल गेलाच होता. पण ऊन त्या दारावर आलं आणि निळ्या रंगावर पांढऱ्या बारीक रेघांची जाळीच दिसायला लागली.

"हे काय उमटलं?" यांनी विचारलं आणि बोटानं पुसून बघितलं. पुसलं जाईना.

"चरे हायेत ते काका. पुसून न्हाई जायचे," सिस्टर हळूच म्हणाल्या.

यांनी शेंडी बादलीत ठेवली आणि आत जाऊन बसले. दुपारी जेवताना दोनदा वरण घेणारा माणूस एकदाच घेऊन उठला. संध्याकाळी आरतीहून आल्यावर मला म्हणाले, "पितळेला जे मानवतं ते हिला मानवत नाही म्हणायचं." मी म्हटलं, "ती पितळेची नाहीच मुळी." त्यावर थोडं हसले. तेवढंच.

रविवारी सिस्टर आपणहून आल्या. सोबत दोन बादल्या, एक शाम्पूची बाटली आणि केसाळ मऊ कपड्यांची चळत.

"काकू, आधी गाडी त्या कडुनिंबाच्या सावलीत घ्या. पत्रा तापलेला असला की शाम्पू वाळून डाग बसतेत."

मी गाडी मागे घेतली. मागे घेताना अजून माझा जीव खालीवर होतो, पण त्या दिवशी नीट आली. सिस्टरांनी मग नळी घेतली आणि टपापासून खालपर्यंत नुसतं पाणी सोडलं. हे कपडा घेऊन पुढे सरसावले.

"आत्ता हात न्हाई लावायचा काका. आधी धूळ भिजू द्या, वाहून जाऊ द्या. ही आपल्या रस्त्याची धूळ म्हंजे बारीक वाळूच. तिच्यावरून कपडा फिरवला की कपडाच शेंडी होते."

शेंडीचं नाव निघताच हे माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघितलं.

एका बादलीत शाम्पूचा फेस, दुसरीत साधं पाणी. कपडा फेसात बुडवायचा, गाडीवर फिरवायचा, साध्या पाण्यात खंगाळून मळ काढायचा, मगच परत फेसात. सुरुवात टपापासून, कारण सगळ्यात जास्त माती खाली असते. हात सरळ फिरवायचा, गोल नाही. जोर लावायचाच नाही. मला त्यांनी अंगठी आणि बांगड्या काढायला लावल्या. बांगड्या निघेनात, तेव्हा त्यांनीच माझ्या मनगटाभोवती रुमाल गुंडाळून दिला, अगदी पट्टी बांधतात तसा, दोन टोकं आत खोचून.

यांच्या हातून एकदा कपडा खाली पडला. हे उचलून पुन्हा गाडीला लावणार, तोच सिस्टर म्हणाल्या, "आता तो न्हाई. खडे लागले असतील त्याला. दुसरा घ्या. आन् चाकाचा कपडा निराळा, तो वर कुठंच लावायचा न्हाई."

यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे हे तर सोवळंच झालं की! खाली पडलं ते चालत नाही, चाकाचं निराळं, वरचं निराळं. एवढं साधं आहे होय? मला आधी असं सांगायचं."

सिस्टर हसल्या. हसता हसताच म्हणाल्या, "व्हय काका. पण सोवळं कपड्याला ठेवा. माणसाला नको."

यांनी हातातला कपडा साध्या पाण्यात खंगाळला, पिळला. सिस्टरांच्या ओट्यावर बुद्धाची मूर्ती आहे, रोज सकाळी तिच्यासमोर त्या फुलं ठेवतात, आणि आम्ही समोरासमोर राहायला लागून कितीतरी वर्षं झाली होती. तरी हे त्यांच्या घरी कधी चहाला बसले नव्हते, आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"बराबर बोललात," हे म्हणाले. मग मला म्हणाले, "चहा टाक."

"माझ्या हाताला फेस आहे. तुम्हीच टाका."

यांनी खरोखर चहा केला. साखर घालायची राहिली होती. आम्ही तिघांनी कडुनिंबाखाली उभं राहून तो पिऊन टाकला. सिस्टर म्हणाल्या, "आता पुढच्या रविवारी माझ्याकडं, साखर घालून." पुढच्या रविवारी हे गेले, आणि दोन कप पिऊन आले.

त्यानंतर गाडी धुणं हा आमच्या घरातला नेमच झाला. शेवटी कपडा नुसता पसरायचा, वरून थोपटायचा, पाणी टिपून घ्यायचं, हे काम यांनी स्वतःकडे ठेवलं. देवाचं अंग पुसतात तसंच पुसतात. दारावरचे चरे पॉलिश केल्यावर थोडे फिके झाले, पुरते गेले नाहीत.

मग दसरा आला. दसऱ्याला देवळासमोर गाड्यांच्या पूजेला रांग लागते. मोटरसायकली, ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन, किराणा दुकानदाराची कोऱ्यासारखी जपलेली पांढरी कार. हे दरवर्षी भराभर करतात. ओल्या कुंकवात तांदूळ कालवलेले, त्यात बोट बुडवलं की बोनेटवर झपकन स्वस्तिक, हार, चाकाखाली लिंबू, नारळ. पुढचा!

या वर्षी पहिला मान आपल्या गाडीचा, असं यांनी आधीच ठरवलं होतं. मी गाडी देवळासमोर उभी केली आणि उतरून बाजूला झाले. यांनी बोट बुडवलं. हात बोनेटपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. बोटावरून कुंकू टपकायला लागलं. हे बोटाला चिकटलेल्या तांदळाकडे बघताहेत, मग बोनेटकडे, पुन्हा तांदळाकडे.

मागून ट्रॅक्टरवरचे एक आजोबा ओरडले, "महाराज, काहून थांबून राहिले? मंत्र इसरले का काय?"

"मंत्र आठवतात हो," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "तांदूळ टोचतो गं."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. पण यांचा चेहरा बघून कीवही आली. मी म्हटलं, "मग काचेवर काढा ना. देवाला काय, बोनेटच पाहिजे असं थोडंच आहे?"

हे दोन पावलं सरकले आणि पुढच्या काचेवर, माझ्या नजरेच्या आड येणार नाही अशा कोपऱ्यात, सुबक स्वस्तिक काढलं. हारही बारीक तारेनं न बांधता दोऱ्यानं बांधायला सांगितला.

मागचा दुकानदार हे सगळं बघत होता. तो पुढे आला. "महाराज, माझ्याबी काचेवरच काढा. मला वाटलं तसं चालत न्हाई म्हणून दरसाली गप बसायचो."

"चालतं," हे म्हणाले, जसं काही पोथीत लिहिलेलंच आहे.

मग काय! व्हॅनला काचेवर. मोटरसायकलवाले म्हणाले आमच्या हेडलाइटच्या काचेवर. रांग पुढे सरकत आजोबांचा नंबर आला. ट्रॅक्टरला ना काच, ना रंग. आजोबा खो खो हसत म्हणाले, "महाराज, माझ्यावर कुठंबी काढा. खरबडायला काहीच उरलं न्हाई." यांनी बोनेटवर हाताएवढं मोठं स्वस्तिक काढलं, तांदळासकट, अगदी मन भरून.

सिस्टर त्या दिवशी पांढरी साडी नेसून धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांची गाडी धुळीनं आणि फुलांच्या पाकळ्यांनी भरलेली. मी दसऱ्याची हकीकत सांगितली तर हसून हसून ओट्यावरच बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या कडुनिंबाखाली लागल्या. सिस्टर उंचीनं लहान, त्यांचा हात टपाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. यांनी न विचारता कपडा फेसात बुडवला आणि त्यांच्या गाडीचा टप धुवायला घेतला, सरळ सरळ हात फिरवत, तोंडानं काहीतरी पुटपुटत.

"काका, माझ्या गाडीला मंत्र म्हणून राहिले का?" सिस्टरांनी विचारलं.

"मंत्र नाही हो. शाम्पू जास्त पडला, ते स्वतःशीच बोलून राहिलो."

फेस खरोखरच फार झाला होता. टपावरून ओघळत तो काचेवर आला, काचेवरून बोनेटवर. मी नळी सोडली, तिचे तुषार सिस्टरांच्या केसांवरही उडाले. ड्युटीची वेळ होत आली होती, म्हणून आम्ही तिघांनी मिळून भराभर पाणी टिपून घेतलं आणि सिस्टर ओल्या केसांनीच साखऱ्याच्या रस्त्याला लागल्या.