आसिमिनाची बोगनवेल

आज पेलागिया आत्याने दार सताड उघडं टाकलंय आणि तोंड मात्र गच्च बंद. तिच्या नावाच्या संतिणीचा सण आहे. अशा दिवशी आमच्या गलाक्सिदीत, ग्रीसमधल्या या बंदरगावात, कुणी कुणाला बोलवत नाही, यायचं तो येतो. पण आत्याला हवी होती फक्त थ्रासोसची टोळी.

थ्रासोस तिचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातात धरलेलं, म्हणून ती त्याची नोना, धर्ममाता. तो बाहेरगावच्या पाहुण्यांची टोळी घेऊन जुनं गाव पायी फिरवतो, आणि वाटेत कायम आत्याच्या दारात थांबायचा. आत्या चमचा चमचा कडू संत्र्याचा मुरांबा द्यायची, वर गार पाणी, आणि पणजोबांचं जहाज ओदेसाजवळ बर्फात कसं अडकलं ते सांगायची. दर वर्षी बर्फ जाड होत जायचा. आख्खा जन्म बेकरीत पाव विकले तिने, लग्न नाही, कधी बोटीत बसली नाही. तिचं ऐकायला कुणी थांबायचं ते तेवढंच.

आणि या उन्हाळ्यात समोरच्या आसिमिनाची बोगनवेल फुलली नि टोळी तिकडे वळली. का, तर फोटो! मला इतकी चीड आली ना!

"बघ, केस रंगवलेत तिने," आत्या पडद्याआडून म्हणाली, "वेलीला मॅचिंग."

"आत्या, रुमाल बांधलाय तिने."

"मग रुमाल रंगवलाय."

तेवढ्यात टोळी आली आणि समोरच उभी राहिली. आत्या ट्रे घेऊन दाराशी आली. पण आसिमिनाच ओरडली, "अरे थ्रासोस, लाज आहे का? तुझ्या नोनाचा सण आहे, आधी तिच्याकडे जा!"

"आता ही मला माझेच पाहुणे दान करणार," आत्या पुटपुटली. ट्रे मात्र पुढे केलाच.

"शंभर वर्षं जग, नोना!" थ्रासोसने तिचे दोन्ही गाल चुंबले. सगळे आत आले. मुरांबा वाटला, जहाज निघालं, बर्फ आज थेट डोलकाठीपर्यंत चढला, आणि तेवढ्यात एक बाई खिडकीशी जाऊन किंचाळली, "अय्या! वेल इथून अख्खी दिसते!"

झालं. सगळ्यांच्या पाठी आत्याकडे. जहाज बर्फातच राहिलं.

थ्रासोस हळूच म्हणाला, "नोना, रोज इथेच थांबू? सावली आहे, आणि वेल इथूनच..."

मला वाटलं आता चमचा फेकून मारते.

"थांब," आत्या म्हणाली. "पण वेलीचं मी सांगणार. फांदी माझ्या अंगणातली होती. माझी वाळली, तिची जगली. हेसुद्धा सांगेन, जा."

मग ती खिडकीशी गेली, माणसं बाजूला सारली आणि डावीकडची झडप लावून घेतली. तिकडेच समोर आसिमिना खुर्ची टाकून बसते.

"आता बघा," आत्या म्हणाली. "आता नुसती वेल दिसते."