बायकोच्या हातातली लाल बाटली

तेलाच्या दुकानात बसणाऱ्यानं हात कितीही पुसले तरी ओशट राहतातच. किश्श्यांचंही तसंच, न मागता चिकटतात. बेळगावात शहापूरला माझं दुकान आहे. गल्ल्याच्या वर बायकोचा फोटो लावलाय, हातात लाल तेलाची बाटली. गिऱ्हाईक विचारतं, "अण्णा, वैनी जाहिरातीत कवा गेल्या?" मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगायला आवडतंही!

*

निपाणीकडून एका कंपनीचा पोरगा आला. पामच्या फळाच्या गराचं तेल, लालभडक. म्हणाला, रेशनवर मिळायचं ते पामतेल वेगळं, हे वेगळं. यानं वजन उतरतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी होतो. मी शाळा सातवीत सोडली, पण वाचायचं सोडलं नाही. लोखंडाला गंज चढतो तसलं काहीतरी शरीरात आतून होतं, एवढं ठाऊक होतं. विचारलं, हे माणसांवर बघितलंय का उंदरांवर? त्यानं कागद चाळले.

"जास्त करून उंदरांवर, काका."

"मग माल गोडाऊनमध्येच ठेव. गिऱ्हाईक तिथं लई हाय."

तरी पोरगा गोड. थोडा माल घेतला. नमुन्याची एक बाटली त्यानं वर दिली, ती मी घरी नेली.

*

पहिली बाटली नेली वडगावच्या आप्पांनी. जन्म हातमागावर बसून गेलेला, पोट सुटलेलं. जेवणातलं काही कमी न करता आप्पा वरून हे तेल ओतायला लागले. महिन्यानं तणतणत आले, वजन वाढलं म्हणून. दवाखान्याचा काटा बिघडलाय, हे त्यांचं निदान. मी त्यांना पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. आकडा तोच. पोतं तोलताना आम्ही बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करतो. आप्पांनी आकडा बघितला, मग आपल्या धोतराकडं बघितलं.

"बारदान वजा केलंस काय रं?"

*

रामा भजीवाल्यालाही लाल तेल हवं होतं, स्वतःच्या पोटासाठी. मी म्हटलं, आधी कढईतलं काळं टाक, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल आणखी वाईट. रागावून गेला. काही दिवसांनी हसत आला. काळं टाकलं, तर गिऱ्हाईक म्हणतंय भज्यांची चव गेली.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आधीची चव कालच्या भज्यांची हुती."

*

आमच्या सुमनचे, म्हणजे बायकोचे, गुडघे धरलेले. डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. तिचं माहेर जांबोटीच्या पुढं, बस सोडते तिथून लांब चढण. आई थकलेली, आणि हिला तिथवर जाता येईना. तेलाच्या डब्यातली पळी काढून सुमननं चहाचा चमचा ठेवला. तळण बंद. चालणं सुरू, आधी अंगणात, मग गल्लीत. जेवायला आलेल्या मेव्हण्यानं कोरडी भाजी बघून मला बाजूला घेतलं.

"दाजी, धंदा बसलाय काय? लाजू नका, सांगा."

पुढच्या उन्हाळ्यात सुमन ती चढण काठीशिवाय चढली आणि आईच्या दारात उभी राहिली. मी मागं दगडावर दम खात बसलो होतो.

*

कंपनीचा पोरगा परत आला तेव्हा सुमन माझा डबा घेऊन चालत दुकानात आलेली. तिचं आधीचं वजन मी सांगितलं, तसा तो बघतच राहिला. काकू, बाटली हातात धरून एक फोटो द्या, म्हणाला, कंपनी मोठा बोर्ड लावेल. सुमन घरी गेली, ती नमुन्याची बाटली घेऊन आली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि ताठ उभी राहिली. त्यानं फोटो काढला, मोबाइलवर मोठा करून बघितला आणि थबकला.

"काकू, सील फोडलेलंच नाही."

"व्हय. तेवढं नीट दिसू दे."