बाबांचा हात आणि जर्मन तबकड्या

जर्मन रेकॉर्डी मी हौसेनं जमवत नव्हतो. हौस असती तर रेडिओवरच्या गाण्यांवर भागलं असतं, चिखल्याच्या सगळ्या खाण-कॉलनीचं भागत होतंच. मी मात्र कुणाला वाचताही न येणाऱ्या भाषेत छापलेल्या काळ्या तबकड्यांसाठी जीव टाकत होतो. त्याचं कारण आमच्या क्वार्टरमध्ये खाटेवर बसलेलं होतं.

बाबा मँगनीजच्या खाणीत ड्रिलर होते. जमिनीखाली मशीन अंगाशी धरून दगडाला भोकं पाडायची, असं त्यांचं काम. त्या आवाजानं त्यांचे कान गेले. आधी त्यांना वाटलं, लोक हळू बोलायला लागलेत. मग लोक बोलेनासेच झाले. आमच्या गावी, आंबागडला, भजनात बाबांची ढोलकी असली की पेटीवाल्याला घाम फुटायचा. कान गेल्यावर एकदा अभंग संपला, टाळ थांबले आणि बाबा वाजवतच राहिले. मंडळी हसली. त्या दिवसापासून ढोलकी खुंटीला लागली आणि बाबांचं तोंडही जवळजवळ बंद झालं. हसणाऱ्यांपैकी काही जणांशी मी आजही बोलत नाही.

मी त्याच खाणीत इलेक्ट्रिशियन. ऐंशीनंतरच्या काळात खाणीत माणसं नेणारा-आणणारा पाळणा वरखाली ओढणारी नवी मोटार बसवायला एक जर्मन फिटर आला आणि मला त्याच्या हाताखाली दिलं. परत जाताना सामान जड झालं म्हणून त्यानं आपला रेकॉर्डप्लेअर आणि थोड्याशा रेकॉर्डी माझ्या गळ्यात मारल्या. घरी आणून लावल्या तर गाणं नाही, गाणारा नाही. नुसती यंत्रं धडधडताहेत, एकसारखी. मी वैतागून बंद करणार, इतक्यात बाबा उठताना टेकायला म्हणून स्पीकरच्या लाकडी खोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि तसेच थबकले.

"हे का धडधडून राहिलं?" त्यांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

मग डावा तळहात खोक्यावर, ढोलकी मांडीत आणि उजव्या हाताची थाप, असं आमचं रोज संध्याकाळी सुरू झालं. मी सिनेमाच्या रेकॉर्डीही लावून पाहिल्या. तळहाताला त्यांची नुसती गिचमीड लागायची. जर्मन ठेका मात्र बाबांना थेट मिळायचा. ब्लास्टिंगचा भोंगा झाला की मी सुई उचलून धरायचो, नाहीतर स्फोटाच्या हादऱ्यानं ती उडायची. बाबा हसून थांबायचे. माझे बाबा हसत होते, मला आणखी काय पाहिजे होतं!

पावसाळा सरला आणि माय घरातलं सगळं उन्हात घालायला लागली. गाद्या, गोधड्या, बियाण्याचं धान, लोणच्याची बरणी. आमच्याकडे ओल धरलेल्या वस्तूला ऊन दाखवायचं, यापलीकडे दुसरा इलाज कुणाला माहीत नाही. मी ड्यूटीवरून आलो तेव्हा अंगणात बाजेवर, धुतलेल्या सोलापुरी चादरीवर रेकॉर्डी मांडलेल्या होत्या. सगळ्या पापडासारख्या वाकल्या होत्या.

मी ओरडलो. माय घाबरली. "बुरशी चढली होती रे त्याईले. तुह्या बाबाच्या हाताची चीज, म्हणून मी पयले त्याईलेच ऊन दाखवलं. काहून चिल्लावून राहिला?"

पाट्याचा दगड कोमट करून त्याखाली मी त्या दाबून पाहिल्या. होत्या त्याही पार गेल्या. सुई एका फेरीतच घसरायची. बाबा खोक्यावर हात ठेवून वाट बघायचे, मग उठून जायचे. ते उठून जाणं मला बघवत नव्हतं.

मग सुट्टीच्या दिवशी नागपूर. सीताबर्डीचे दुकानदार "जर्मन?" म्हणून माझ्याकडे असं बघायचे, जसं मी त्यांच्याकडे चंद्राचा तुकडा मागतोय. जुन्या बाजारात रेकॉर्ड दिसली की मी ती लावायला सांगायचो आणि खोक्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचो. मी येडा आहे, यावर तिथे एकमत झालं होतं. झालं तर झालं. माझी आशा सुटत चालली होती, आणि घरी बाबांच्या हातून पेला पडायला लागला होता. त्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची. चुलीतला निखारा लागून तळव्याला फोड आला, तर तो त्यांना मायनं दाखवला तेव्हा कळला. वय झालं, असं आम्ही म्हणालो. तेच सोपं होतं.

शेवटी नागपुरातल्याच सदर भागात, परदेशी निघून गेलेल्या कुटुंबाच्या भंगारात एक जर्मन रेकॉर्ड सापडली. माझ्या तळव्याखाली ती जिवंत माणसाच्या छातीसारखी धडधडली. येताना सगळी वाट मी ती मांडीवर आडवी धरून आणली.

संध्याकाळी सुई ठेवली. बाबांनी हात टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"चालू कर ना बाबू. कायची वाट पाहून राहिला?"

ती चालूच होती. मी आवाज पूर्ण सोडला, फळीवरची भांडी थरथरायला लागली. मायनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, मी मायकडे. ड्रिलच्या मशीननं आधी कान नेले होते, आता तिच्या हादऱ्यांनी हातांची जाणही नेली होती, आणि हे मला त्या क्षणी कळत होतं. बाबांनी आमचे चेहरे वाचले असावेत.

"हां, आलं, आलं," ते म्हणाले आणि ढोलकीवर थाप मारली.

तेवढ्यात लाईट गेली. तबकडी फिरत फिरत थांबली. खिडकीतून अजून उजेड येत होता, म्हणून बाबांना ते कळलं नाही, ते वाजवत होते.

"जमून राहिलं ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. थाप पडली. पुन्हा हलवली, पुन्हा पडली. ते खोक्याकडे बघतच नव्हते, माझ्या मानेकडे बघत होते. मान दुखायला लागली, उजेड कमी होत गेला, आणि थांबायची माझी हिंमत होत नव्हती.